मेनार्डच्या गिरणीचा वारसा

यंदाच्या अंकाचा विषय ‘वारसा’ आहे, असं संपादकांनी कळवलं तेव्हा वाडे, पैठण्या आणि पोथ्या यांवर लिहिणारे पुष्कळ असतील, याची मला खात्री होती. मी ज्या वारशाबद्दल लिहितो आहे तो बहुतेक वाचकांच्या घरातच, टेबलावर आहे. विंडोज असलेला कुठलाही संगणक घ्या, कालच दुकानातून आणलेला असला तरी चालेल. पडद्यावर मोकळ्या जागी एक नवं फोल्डर तयार करा आणि त्याला तीन इंग्रजी अक्षरांचं नाव द्या: सी, ओ, एन. एंटर दाबलं की संगणक नकार देतो. हे उपकरणाचं नाव आहे आणि ते इथे चालणार नाही, अशा अर्थाची सूचना येते. पी-आर-एन लिहून पाहा, ए-यू-एक्स लिहून पाहा, एन-यू-एल लिहून पाहा. नकार कायम. त्याच फोल्डरला ‘दिवाळी’ म्हणा किंवा ‘आजोबांचे फोटो’ म्हणा, लगेच चालतं.

ज्या काळात कीबोर्ड आणि पडदा मिळून ‘कॉन’, म्हणजे कन्सोल, आणि प्रिंटर म्हणजे ‘पीआरएन’ असं मानलं जाई, त्या काळातला हा नियम आहे. फाइलचं नाव विचारलं की वापरणाऱ्याने ‘पीआरएन’ लिहावं, म्हणजे मजकूर फाइलीत न जाता थेट प्रिंटरवर जाई. प्रोग्राम लिहिणाऱ्याला त्यासाठी वेगळं काही करावं लागत नसे. सोय चांगली होती, पण त्या वेळी फ्लॉपीवर फोल्डर हा प्रकारच नव्हता. सगळ्या फाइली एकाच यादीत असत, त्यामुळे चार-पाच नावं राखून ठेवली तर कुणाचं काही अडत नव्हतं. पुढे फोल्डर आले, त्यांच्या आत फोल्डर आले, आणि जुने प्रोग्राम चालू राहावेत म्हणून ही नावं प्रत्येक फोल्डरमध्ये राखीव राहिली. ज्या प्रोग्रामांसाठी हे केलं ते आज कुणी चालवत नाही. नियम मात्र शाबूत आहे.

ऑपरेटिंग सिस्टीमचा इतिहास आपण बहुधा कंपन्यांच्या भांडणांच्या रूपात वाचतो: कोणी कोणाला फसवलं, कोण कोणापुढे गेलं. मला त्यापेक्षा हे खालचे थर पाहावेसे वाटले. पाहता पाहता लक्षात आलं की विंडोजमधल्या जुन्या गोष्टींचा माग घेतला, तर दोन अगदी वेगळ्या वाटांनी माणूस एकाच ठिकाणी पोचतो. ते ठिकाण म्हणजे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं मेनार्ड नावाचं छोटं गाव आणि तिथली लोकरीची एक जुनी गिरणी.

सहा अक्षरं आणि तीन अक्षरं

केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन यांनी १९५७ साली या गिरणीतली थोडी जागा भाड्याने घेतली आणि डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे ‘डेक’, ही कंपनी सुरू केली. आयबीएमचे संगणक तेव्हा काचेच्या खोलीत असत. कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा आणि उत्तराची वाट पाहत बसायचं. डेकच्या यंत्रांसमोर माणूस स्वतः बसू शकत असे. त्यांचं पीडीपी-१० हे मोठं यंत्र अनेक विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत गेलं. एकाच वेळी कितीतरी जण आपापल्या टर्मिनलवर बसून ते वापरत, आणि त्यावर चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम होती ‘टॉप्स-१०’.

या यंत्राच्या मेमरीतला एक शब्द ३६ बिटांचा होता. एक अक्षर ६ बिटांत बसवलं की एका शब्दात बरोबर सहा अक्षरं मावतात आणि अर्ध्या शब्दात तीन. टॉप्स-१०मध्ये फाइलचं नाव सहा अक्षरांचं आणि पुढचं शेपूट तीन अक्षरांचं असे, त्याचं कारण हेच: नावाला एक शब्द, प्रकाराला अर्धा. आपल्या फोनमधला फोटो ‘जेपीजी’ असतो, गाणं ‘एमपी३’ असतं, सातबाऱ्याचा उतारा ‘पीडीएफ’ म्हणून उतरवला जातो. तीन अक्षरांची ही सवय ३६ बिटांच्या त्या अर्ध्या शब्दातून आली आहे. ते यंत्र बंद होऊन कित्येक वर्षं झाली. आपण रोज वापरतो त्या कुठल्याही संगणकात ३६ बिटांचा शब्द नाही आणि शेपटाला तीनच अक्षरं हवीत अशी सक्तीही उरलेली नाही.

गॅरी किल्डॉल कॅलिफोर्नियात माँटेरे इथे नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात शिकवत होते आणि जोडीने इंटेल कंपनीला सल्ला देत होते. इंटेलच्या नव्या मायक्रोप्रोसेसरसाठी त्यांनी जी साधनं लिहिली, ती पीडीपी-१०वर बसून, त्या छोट्या चिपची नक्कल मोठ्या यंत्रावर चालवून लिहिली. म्हणून १९७४ साली त्यांनी ‘सीपी/एम’ ही स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम रचली, तेव्हा हाताला सवय टॉप्स-१०ची होती. फाइलींची यादी पाहायला ‘डीआयआर’, मजकूर वाचायला ‘टाइप’, नक्कल करायला ‘पीआयपी’ हे डेकचंच नाव, उपकरणाच्या नावापुढे विसर्गासारखी दोन टिंबं, आणि तीन अक्षरांचं शेपूट. नावाला मात्र त्यांनी सहाऐवजी आठ अक्षरं दिली, कारण त्यांच्या यंत्रात ३६ बिटांचं बंधन नव्हतं.

ड्राइव्हला ए, बी अशी अक्षरं देण्याची पद्धत आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवरल्या ‘सीपी/सीएमएस’ या सिस्टीमची. तिथे प्रत्येक वापरणाऱ्याला आपल्या वाट्याच्या डिस्कचे भाग अक्षरांनी ओळखावे लागत. किल्डॉलनी ती पद्धत फ्लॉपीला लावली. पहिली फ्लॉपी ए, दुसरी बी. पुढे आयबीएमच्या पीसीत हार्डडिस्क आली तेव्हा उरलेलं पहिलं अक्षर होतं सी. फ्लॉपी गेल्या, त्यांच्या खाचाही गेल्या, पण आपली सगळी कागदपत्रं आजही सी ड्राइव्हवरच असतात.

किल्डॉलचं खरं मोठं काम यापेक्षा वेगळं होतं आणि त्याचं श्रेय त्यांना पुरेसं मिळालेलं नाही, असं माझं मत आहे. त्या काळात प्रत्येक कंपनीचा छोटा संगणक निराळा असे. किल्डॉलनी सीपी/एमचे तीन तुकडे केले. वर आज्ञा वाचणारा भाग, मध्ये फाइली सांभाळणारा भाग आणि तळाशी त्या विशिष्ट यंत्राच्या तारांशी बोलणारा भाग. तळाच्या भागाला त्यांनी ‘बायोस’ म्हटलं. नवं यंत्र आलं की फक्त बायोस नव्याने लिहायचा, वरचं सगळं तसंच. यामुळे एकाच प्रोग्रामची फ्लॉपी अनेक कंपन्यांच्या यंत्रांवर चालू लागली आणि सॉफ्टवेअर विकून जगता येईल असा बाजार तयार झाला. १९९४ साली किल्डॉल वारले. ते आयबीएमच्या माणसांना भेटायचं सोडून विमान उडवायला गेले, ही दंतकथा त्यांच्या नावाला इतकी चिकटली आहे की बायोस कुणाचा, हे विचारायचं राहूनच जातं.

जुना करार, नवं यंत्र

सिअ‍ॅटलमधल्या एका छोट्या कंपनीत टिम पॅटरसन नावाचा तरुण अभियंता इंटेलच्या नव्या ८०८६ चिपचं बोर्ड घेऊन बसला होता. बोर्ड तयार होतं, पण त्यावर चालवायला सीपी/एमची नवी आवृत्ती येईना. म्हणून १९८० साली त्याने स्वतःच एक सिस्टीम लिहिली. ती ‘८६-डॉस’. मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली आणि १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा पीसी बाजारात आला तो तिच्यासकट.

पॅटरसनने सीपी/एमची नक्कल केली की नाही, यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. त्याने काय केलं हे नीट पाहिलं तर तो वाद मला फार उथळ वाटतो. जुन्या ८०८० चिपसाठी लिहिलेला प्रोग्राम ठरावीक नियमांनी, जवळजवळ यांत्रिकपणे, ८०८६साठी भाषांतरित करता येत असे. इंटेलनेच तशी सोय ठेवली होती. पण भाषांतरित प्रोग्राम चालायचा तर त्याला भोवतीचं जग तसंच सापडायला हवं. सीपी/एमचा प्रोग्राम मेमरीत पहिल्या २५६ बाइटनंतर सुरू होई. त्या २५६ बाइटमध्ये पाचव्या क्रमांकावर सिस्टीमला हाक मारायचं दार असे आणि १२८व्या क्रमांकापासून आज्ञेचा उरलेला मजकूर असे. पॅटरसनने हे जसंच्या तसं ठेवलं. सेवांचे क्रमांकही तेच ठेवले. सेवा क्रमांक १ म्हणजे कीबोर्डवरून अक्षर वाचणं, २ म्हणजे अक्षर दाखवणं, ९ म्हणजे डॉलरच्या चिन्हापर्यंतचा मजकूर छापणं. डॉलरचं ते चिन्हसुद्धा किल्डॉलच्या घरून आलेलं. आतला फाइलींचा हिशेब मात्र पॅटरसनने बदलला. त्यासाठी त्याने मायक्रोसॉफ्टच्या बेसिकमधली ‘फॅट’ ही पद्धत घेतली, आणि ती किल्डॉलच्या पद्धतीहून सरस होती.

यातली एक खूण आजही हाताने तपासता येते. विंडोज ११च्या काळ्या आज्ञा-खिडकीत ‘कॉपी कॉन’ आणि पुढे एखादं फाइलनाव लिहा, मग चार ओळी टाइप करा. हे संपवायचं कसं? कंट्रोल धरून झेड दाबायचा आणि एंटर. एक फाइल कॉपी झाली, असं उत्तर येतं. सीपी/एमला फाइलची लांबी फक्त १२८ बाइटच्या ठोकळ्यांत मोजता येई. शेवटच्या ठोकळ्यात मजकूर नेमका कुठे संपतो हे तिच्या यादीत नोंदलेलं नसे, म्हणून मजकुराच्या शेवटी कंट्रोल-झेड ठेवायची रीत पडली. डॉसला फाइलची लांबी बाइटच्या हिशेबाने ठाऊक होती, म्हणजे ही खूण पहिल्या दिवसापासून अनावश्यकच होती. तरी ती राहिली, कारण लोकांचे प्रोग्राम ती शोधत.

फोल्डर आले १९८३च्या डॉस २.०मध्ये. ती कल्पना युनिक्सची. मायक्रोसॉफ्ट त्या वेळी ‘झेनिक्स’ नावाने स्वतःच युनिक्स विकत होती. युनिक्समध्ये फोल्डरांची नावं सरळ तिरप्या रेघेने जोडतात, पण डॉसच्या पहिल्या आवृत्तीतच ती रेघ दुसऱ्या कामाला लागली होती. आज्ञेला जास्तीची सूचना देताना ती लिहावी लागे, आणि तीही रीत डेकच्या यंत्रांवरची. रेघ मोकळी नव्हती, म्हणून विंडोजच्या पत्त्यांत रेघ उलटी झाली.

सगळी मंडळी एकाच शाळेतली होती, हेही सांगायला हवं. बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन शाळकरी वयात सिअ‍ॅटलमधल्या एका कंपनीच्या पीडीपी-१०वर रात्र रात्र बसत. १९७५ साली त्यांनी आपलं पहिलं बेसिक लिहिलं ते हार्वर्डच्या पीडीपी-१०वर, न पाहिलेल्या छोट्या यंत्राची नक्कल चालवून. किल्डॉलनी माँटेरेत जे केलं तेच.

दुसरी वाट

विंडोज ९५, ९८ यांच्या पोटात डॉस होतं. आजचं विंडोज त्यांचा वंशज नाही. ते ‘एनटी’ या निराळ्या घराण्याचं आहे, आणि ही वाट डेव्ह कटलर या माणसाची आहे.

कटलर १९७१ साली डेकमध्ये आले. पीडीपी-११ या लहान यंत्रासाठी त्यांनी आरएसएक्स-११एम ही आटोपशीर सिस्टीम लिहिली. मग डेकने ३२ बिटांचं व्हॅक्स हे यंत्र काढलं, तेव्हा डिक हस्टवेड आणि पीटर लिपमन यांच्याबरोबर ‘व्हीएमएस’ची रचना केली. पहिलं व्हॅक्स १९७७ साली जाहीर झालं. पुढे कटलर सिअ‍ॅटलजवळ जाऊन डेकसाठी ‘प्रिझम’ हे नवं यंत्र आणि त्याची नवी सिस्टीम घडवत होते. १९८८ साली डेकने ते काम गुंडाळलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात कटलर मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि त्यांच्यामागून डेकमधले काही जुने सहकारीही गेले. जुलै १९९३मध्ये विंडोज एनटीची पहिली आवृत्ती आली. २००१च्या एक्सपीपासून तेच घराणं घरोघरी पोचलं.

हे साम्य स्वतः पाहावं म्हणून मी पुण्यात एका परिचित अभियंत्याच्या घरी गेलो. जुन्या यंत्रांची हुबेहूब नक्कल करणारं ‘सिमएच’ नावाचं सॉफ्टवेअर आहे. डेकचेच एक माजी उपाध्यक्ष बॉब सुपनिक यांनी ते सुरू केलं. अभियंत्याच्या लॅपटॉपवर एका खिडकीत व्हॅक्स आणि त्यावर व्हीएमएस चालू होतं. दुसऱ्या खिडकीत विंडोजचा रिसोर्स मॉनिटर उघडा होता. व्हीएमएसला ‘शो मेमरी’ अशी आज्ञा दिली. तक्ता आला: एकूण, मोकळी, वापरात, बदललेली. खाली दोन साठ्यांची नोंद, एक डिस्कवर हलवता येणारा आणि एक न हलवता येणारा. शेजारी विंडोज सांगत होतं: वापरात, बदललेली, राखीव, मोकळी. टास्क मॅनेजर उघडला तर त्यातही तेच दोन साठे, पेज्ड पूल आणि नॉन-पेज्ड पूल. एवढं उघड साम्य असेल असं मला वाटलं नव्हतं.

‘बदललेली’ आणि ‘राखीव’ या याद्या का आहेत, याचं उत्तर पुन्हा एका जुन्या यंत्राच्या उणिवेत आहे. मेमरी कमी पडली की कुठल्या तरी प्रोग्रामची पानं, म्हणजे मेमरीचे तुकडे, काढून घ्यावी लागतात. कुठलं पान अलीकडे वापरलं गेलं हे कळलं तर निवड सोपी होते, पण व्हॅक्सच्या हार्डवेअरमध्ये ते टिपून ठेवायची सोयच नव्हती. म्हणून व्हीएमएसच्या रचनाकारांनी असं केलं: ज्याचं पान सर्वांत आधी आलं ते काढायचं, पण लगेच फेकायचं नाही. कोरं असेल तर एका यादीत, लिहिलेलं असेल तर दुसऱ्या यादीत ठेवायचं. निवड चुकली आणि प्रोग्रामने तेच पान परत मागितलं, तर डिस्कपर्यंत न जाता यादीतून उचलून द्यायचं. लिहिलेली पानं मात्र साठू द्यायची आणि एकदमच डिस्कवर उतरवायची. चुकीची किंमत कमी करून अचूकतेची गरज कमी करणं ही मला फार सुंदर रचना वाटते. एनटीत ती आली आणि आज १६ जीबीच्या लॅपटॉपवर चालते आहे.

दुसरं साम्य पडद्यावर दिसत नाही. प्रोग्रामने डिस्कवरून काही मागितलं की एनटीचं कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, त्या मागणीचं एक छोटं पाकीट तयार करतं आणि ते एका ड्रायव्हरकडून दुसऱ्याकडे जातं. सरकारी रुग्णालयात केसपेपर जसा एका खिडकीवरून दुसरीकडे जातो आणि प्रत्येक जण त्यावर आपली नोंद करतो, तसं. मागणी करणाऱ्याला तिथे ताटकळायची गरज नसते. काम झालं की त्याला कळवलं जातं. व्हीएमएसमध्ये हीच पद्धत होती आणि पाकिटाचं नावही हेच होतं, आयआरपी. कामांच्या अग्रक्रमाचे टप्पे दोन्हीकडे ३२, म्हणजे ० ते ३१, आणि वरचे १६ तातडीच्या कामांसाठी राखीव. वाट पाहणारं काम जागं झालं की त्याला थोडा वेळ वरचा टप्पा द्यायचा आणि मग हळूहळू खाली आणायचं, हेही दोन्हीकडे.

डेकला हे दिसलं नाही असं नाही. १९९५ साली दोन्ही कंपन्यांनी मोठा सहकार्याचा करार केला आणि डेकच्या अल्फा यंत्रांवर एनटी चालवणं हा त्याचा भाग होता. तीन वर्षांनी डेकच कॉम्पॅक कंपनीला विकली गेली. कुणी एनटीला चोरी म्हणतं. मला तसं म्हणवत नाही. गवंड्याने दुसऱ्या मालकाचं घर बांधताना आपला ओळंबा टाकून यावा, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. पण कंपनीने बंद केलेल्या कामातून माणसं काय घेऊन बाहेर पडतात, याचा हिशेब कुठल्याही ताळेबंदात नसतो, आणि डेकला तो हिशेब फार महागात पडला.

एनटीने एक गोष्ट घेतली नाही, याची मला खंत वाटते. व्हीएमएसमध्ये फाइल पुन्हा साठवली की जुनी पुसली जात नाही. नावापुढे अर्धविराम आणि क्रमांक येतो: एक, दोन, तीन. नको असतील त्या जुन्या प्रती ‘पर्ज’ म्हणून एकदम काढता येतात. अभियंत्याने माझ्यासमोर एकच फाइल बदलून बदलून साठवली आणि यादीत तिच्या सगळ्या प्रती एकाखाली एक दिसल्या. आज कचेरीतल्या संगणकांवर ‘अंतिम’, ‘अंतिम २’, ‘अंतिम दुरुस्त’ अशा फाइली साठतात. ते काम १९७८ सालची सिस्टीम स्वतःहून करत होती.

जे वारशात नव्हतं

या सगळ्या पूर्वजांपैकी एकालाही देवनागरी ठाऊक नव्हती. टॉप्स-१०च्या ६ बिटांत छोटी इंग्रजी अक्षरंही मावत नसत. सीपी/एमला अक्षरासाठी ७ बिट पुरे वाटत, म्हणून उरलेला आठवा बिट तिने भलत्याच कामाला लावला. फाइलच्या शेपटातल्या पहिल्या अक्षराचा आठवा बिट चढवला की ती फाइल ‘फक्त वाचण्यासाठी’ होई. ज्या आठव्या बिटाने आपल्या लिपीला जागा मिळायची तीच जागा अशी अडवलेली होती.

डॉसच्या काळात यावर उपाय निघाला तो पुण्यात रुजला. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं ‘जिस्ट’ तंत्र सी-डॅकने पुढे नेलं. संगणकात एक कार्ड बसवायचं, आठव्या बिटाने मिळणाऱ्या वरच्या १२८ जागांत भारतीय लिप्यांची अक्षरं बसवायची आणि इंग्रजीसाठी लिहिलेले डॉसचे प्रोग्राम मराठीत वापरायचे. डॉसला यातलं काही कळत नसे. ते आपलं बाइट इकडून तिकडे नेई. कार्ड ते बाइट जोडाक्षरांसकट दाखवी. वरून बंद असलेल्या सिस्टीमला तळातून देवनागरी शिकवणारे ते अभियंते या कहाणीत किल्डॉल-कटलर यांच्या पंगतीला बसायला हवेत. पुढे विंडोजवर श्रीलिपीसारखे फाँट आले. आपल्या छापखान्यांची बरीच वर्षं त्यांवर गेली, आणि एका फाँटमधला मजकूर दुसऱ्यात उघडला की काय होतं ते या अंकाची अक्षरजुळणी करणाऱ्यांना विचारा.

एनटीची जुळणी नेमकी युनिकोड ठरत असतानाच होत होती, आणि कटलरांच्या चमूने आतली सगळी अक्षरं १६ बिटांची ठेवली. फाइलींची नावंसुद्धा. पण मराठी प्रत्यक्ष दिसायला विंडोज २०००ची वाट पाहावी लागली. त्या आवृत्तीत ‘मंगल’ फाँट आला. फोल्डरला ‘दिवाळी’ हे नाव चालतं ते या निर्णयामुळे.

सीएसएमटीची खिडकी

व्हीएमएस अजून चालू आहे, आणि तिच्याशी महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक कुटुंबाचा संबंध आला आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या आरक्षण कचेरीत मी सकाळी जाऊन उभा राहिलो. रांगेतल्या बहुतेकांच्या हातात भरलेले अर्ज होते. खिडकीमागचे क्लार्क माउसला हातही न लावता, गाडीचा क्रमांक, तारीख, वर्ग, कोटा असं पडद्यावर न पाहताच टाइप करत होते. समोर नुसता मजकूर, चित्र नाही, बटण नाही. काही सेकंदांत प्रिंटर वाजला की तिकीट.

रेल्वेचं संगणकीय आरक्षण १९८५-८६मध्ये दिल्लीत सुरू झालं. सीएमसी या सरकारी कंपनीने ते घडवलं, डेकच्या व्हॅक्स यंत्रांवर आणि व्हीएमएसवर. मग मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद इथे केंद्रं झाली. ‘क्रिस’ या रेल्वेच्या संस्थेने ‘कॉन्सर्ट’ ही नवी प्रणाली आणली, आणि १९९९पर्यंत पाचही केंद्रं जोडली गेली. कुठूनही कुठलंही तिकीट काढता येऊ लागलं ते तेव्हापासून. यंत्रं बदलली. व्हॅक्स गेलं, अल्फा आलं, अल्फा गेलं, इटॅनियम आलं. ऑपरेटिंग सिस्टीम तीच राहिली. २०२५ साली रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की सध्याची यंत्रणा इटॅनियम सर्व्हर आणि ओपन व्हीएमएसवर चालते, मिनिटाला सुमारे २५,००० तिकिटं देते आणि ती बदलून मिनिटाला एक लाखाहून अधिक तिकिटं देणारी यंत्रणा उभारली जात आहे. बदल अटळ आहे. इंटेलने इटॅनियम चिप पाठवणं २०२१ सालीच थांबवलं.

या कामाला व्हीएमएस इतकी वर्षं का पुरली, याचं एक कारण रांगेत उभं राहिल्यावर नीट कळतं. नागपूरच्या आणि दादरच्या खिडकीवर एकाच क्षणी दोन माणसं त्याच गाडीतला तोच खालचा बर्थ मागतात. बर्थ एकालाच मिळायला हवा, आणि मधेच एखादं यंत्र बंद पडलं तरी तो दोघांना विकला जाता कामा नये किंवा अडकूनही पडता कामा नये. १९८४च्या सुमारास डेकने अनेक व्हॅक्स एकत्र जोडून एकच डिस्क वापरायची सोय केली आणि त्यासोबत व्हीएमएसमध्ये कुलपांचा एक कारभारी दिला. एखाद्या नोंदीवर हक्क सांगायचा तर कारभाऱ्याकडून कुलूप घ्यायचं. कुलपाचे सहा प्रकार. सर्वांत सैल प्रकार म्हणजे ‘मी इथे आहे एवढी नोंद ठेवा’, सर्वांत घट्ट म्हणजे ‘माझं होईपर्यंत दुसऱ्या कुणी वाचायचंही नाही’, आणि मधले चार वाचणं-लिहिणं यांच्या वेगवेगळ्या मुभांचे. एक यंत्र बंद पडलं, तर त्याच्या हातातली कुलपं उरलेली यंत्रं मिळून सोडवतात.

रेल्वे आता क्लाउडकडे निघाली आहे. जगातला क्लाउडचा बहुतांश कारभार लिनक्सवर चालतो, आणि त्या लिनक्सच्या कर्नलमध्ये अनेक यंत्रांची कुलपं सांभाळणारा कारभारी २००६ साली दाखल झाला. त्याच्या कुलपांचे प्रकार सहा आहेत. नावं आणि त्यांच्यातले नियम व्हीएमएसचेच.